एका कमांडवर २२ राउटर: वेब एपीआयने नेटवर्क उपकरणांशी ऑटोमॅटिक कनेक्शन कसं करायचं, आणि स्वतःलाच बाहेर कसं काढायचं नाही

घरातल्या वायफायचा पासवर्ड बदलायचा असेल तर तुम्ही काय करता? बहुतेक जण राउटरचं ॲप उघडतात, नवा पासवर्ड टाकतात आणि सेव्ह दाबतात. थोड्याच वेळात फोनचं वायफाय तुटतं, कारण फोनकडे अजून जुनाच पासवर्ड असतो. नवा टाकला की पुन्हा जोडलं जातं. विषय संपला.

पण नीट बघा. तुम्ही ज्या वाटेने राउटरपर्यंत पोचलात, तीच वाट तुम्ही बदललीत. राउटर समोरच्या भिंतीवर होता म्हणून निभावलं. तोच राउटर दीडशे किलोमीटरवर असता तर?

माझा होता. एक नाही, सहा.

त्या रात्री काय झालं

इंजिनिअरिंग संपवून पहिल्या नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे एका पतसंस्थेचं काम होतं. २२ शाखा, प्रत्येक शाखेत एक राउटर. मुख्य कार्यालयाची इंटरनेट लाइन सकाळी बदलणार होती, म्हणजे तिचा आयपी पत्ता बदलणार होता. त्यामुळे प्रत्येक शाखेच्या राउटरवर दोन बदल हवे होते. एक, ‘फक्त मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावरूनच लॉगिन करता येईल’ हा फायरवॉलचा नियम नव्या पत्त्याला लावायचा. दोन, शाखेला मुख्य कार्यालयाशी जोडणाऱ्या टनेलमध्ये नवा पत्ता टाकायचा.

हाताने २२ वेळा लॉगिन कोण करणार? राउटरला वेब एपीआय होतं. मी पायथॉनमध्ये चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. जुना नियम काढ, नवा टाक, टनेल बदल, पुढच्या राउटरकडे जा. रात्री साडेदहाला, जुन्याच लाइनवरून, चालवली.

पहिल्या राउटरने जुना नियम काढला आणि त्याच क्षणी मला दार बंद केलं. मला आत घेणारा नियम तोच तर होता! नवा नियम टाकायची रिक्वेस्ट आत पोचलीच नाही. स्क्रिप्ट दहा सेकंद थांबली, एक एरर लिहिली आणि इमानेइतबारे दुसऱ्या राउटरकडे गेली. मला कळेपर्यंत सहा शाखा गेल्या होत्या.

राउटर बंद-चालू करूनही उपयोग नव्हता, कारण ते उपकरण प्रत्येक बदल लगेच कायमचा साठवत होतं. सकाळी लाइन बदलली की या सहा शाखांचं टनेल जुन्या, मेलेल्या पत्त्यावर डोकं आपटत बसणार होतं. आणि दुसऱ्या दिवशी दुधाचं बिल वाटायचं होतं.

पहाटे माझ्या सिनियरने तीन शाखा घेतल्या, मी तीन. एसटीने तिसऱ्या शाखेत पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. पायरीवर माणसं बसलेली. एका आजोबांनी विचारलं, “पोरा, मशीन बिघाडलंय का आमचं पैसं?” मी म्हणालो, “पैसे आहेत आजोबा, रस्ता बिघडलाय.” तो मीच बिघडवलाय, हे सांगायची हिंमत झाली नाही.

हा लेख त्या दिवसाचा हिशेब आहे. ऑटोमॅटिक कनेक्शन करणं फारसं अवघड नाही. आपण काय करतोय ते न कळता केलं तर मात्र महाग पडतं.

वेब एपीआय म्हणजे इथे नेमकं काय?

ब्राउझरमध्ये तुम्ही एखादी वेबसाइट उघडता तेव्हा फोन एचटीटीपीएसने एक रिक्वेस्ट पाठवतो आणि समोरून पान येतं. माणसाने वाचावं असं पान. वेब एपीआयमध्ये रिक्वेस्ट तशीच जाते, पण उत्तरात चित्रं-बटणं नसतात. प्रोग्रॅमला वाचता येईल अशी सरळ माहिती येते, बहुतेक वेळा जेसन या स्वरूपात: नाव, त्यापुढे किंमत, पुढचं नाव, पुढची किंमत.

राउटर किंवा स्विचच्या वेब एपीआयमध्ये उपकरणातल्या प्रत्येक गोष्टीला वेबसारखाच पत्ता असतो. पोर्टची यादी एका पत्त्यावर, फायरवॉलचे नियम दुसऱ्यावर, वापरकर्ते तिसऱ्यावर. प्रोग्रॅम त्या पत्त्यावर जातो, वाचतो, बदलतो, निघतो.

ही सोय तशी नवी आहे. नेटवर्कवर लक्ष ठेवायला एसएनएमपी १९८८ पासून आहे, पण त्याचा मुख्य वापर आकडे वाचण्यापुरताच राहिला. सेटिंग बदलायची तर इंजिनिअर काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायचे. २००२ साली इंटरनेटची मानकं ठरवणारी मंडळी आणि नेटवर्क चालवणारी माणसं एकत्र बसली, आणि हीच अडचण तिथे चर्चेला आली. त्यानंतर २००६ मध्ये नेटकॉन्फ हे मानक आलं, पुढे सेटिंगची रचना लिहून ठेवायला यांग नावाची भाषा आली, आणि जानेवारी २०१७ मध्ये रेस्टकॉन्फ आलं. रेस्टकॉन्फ म्हणजे थोडक्यात तीच कामं, पण वेबच्या भाषेत. काही कंपन्यांनी स्वतःचं वेगळं वेब एपीआयही दिलं. उदाहरणार्थ, लाटव्हियाच्या मायक्रोटिकच्या राउटरओएसमध्ये सातव्या आवृत्तीपासून ते मिळतं. पुढे काही ठिकाणी मी हेच उदाहरण घेतोय.

कनेक्शन करायला लागणाऱ्या पाच गोष्टी

१. पत्ता आणि पोर्ट. उपकरणाचा आयपी पत्ता आणि एचटीटीपीएसचं पोर्ट, सहसा ४४३. राउटरओएसमध्ये आधी वेबची सुरक्षित सेवा चालू करावी लागते, मग पत्त्यापुढे ‘रेस्ट’ लावलं की एपीआय सुरू होतं. साध्या एचटीटीपीवरही चालवता येतं, पण तसं करू नका. तिथे लॉगिनची पद्धत ‘बेसिक’ असते. म्हणजे युझरनेम आणि पासवर्ड प्रत्येक रिक्वेस्टबरोबर जातात, आणि तेही फक्त वेगळ्या अक्षरांत लिहून, कुलूपबंद करून नव्हे. वाटेत बसलेला कुणीही ते वाचू शकतो.

२. सर्टिफिकेट. समोरचा राउटर खरंच तुमचाच आहे का, हे सर्टिफिकेटवरून कळतं. बऱ्याच उपकरणांवर ते स्वतःच बनवलेलं असतं, म्हणून प्रोग्रॅम कुरकुर करतो. मग आपण काय करतो? तपासणीच बंद करून टाकतो. हे म्हणजे दारावर कोण आलंय ते न बघता किल्ली हातात देणं. त्यापेक्षा त्या उपकरणाचं सर्टिफिकेट एकदा प्रोग्रॅमला ओळखीचं करून द्या. एकदाच करायचं काम आहे.

३. स्वतंत्र युझर. स्क्रिप्टला ॲडमिनचं खातं देऊ नका. तिच्यासाठी वेगळा युझर बनवा आणि कामापुरतेच अधिकार द्या. फक्त आकडे वाचायचे असतील तर फक्त वाचायचा अधिकार. राउटरओएसमध्ये युझरचे गट करून अधिकार ठरवता येतात, आणि हा युझर कुठल्या पत्त्यावरून लॉगिन करू शकेल तेही ठरवता येतं. याचा आणखी एक फायदा म्हणजे लॉगमध्ये स्पष्ट दिसतं की बदल माणसाने केला की स्क्रिप्टने.

४. पासवर्ड ठेवायची जागा. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहायचा नाही. स्क्रिप्ट आज तुमच्या लॅपटॉपवर असते, उद्या मित्राला व्हॉट्सॲपवर जाते, परवा गिटहबवर. ॲन्सिबलसारख्या टूलमध्ये पासवर्ड कुलपात ठेवायची सोय असते. ती नसेल तर निदान चालवताना विचारून घ्या.

५. टाइमआउट. उत्तराची किती वेळ वाट बघायची, हे ठरवून द्या. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं नसतं. बदल लागू झाला आणि नेमकी उत्तराचीच वाट तुटली, असंही होतं. म्हणून टाइमआउटनंतर लगेच तीच रिक्वेस्ट पुन्हा मारायची नाही. आधी वाचून बघायचं की उपकरण आता कुठल्या स्थितीत आहे.

एकच शब्द, दोन अर्थ

वेब एपीआयमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला एक क्रियापद असतं. गेट म्हणजे वाच. डिलीट म्हणजे काढ. पॅच म्हणजे आहे त्यातलं एवढंच बदल. इथपर्यंत सोपं आहे. घोळ होतो तो ‘पुट’मध्ये.

रेस्टकॉन्फमध्ये पुट म्हणजे ‘या पत्त्यावर हे ठेव. नसेल तर बनव, असेल तर जुनं पूर्ण काढून हे बसव.’ एकच पुट दहा वेळा पाठवलं तरी शेवटी स्थिती तीच राहते. मात्र अर्धवट माहिती पाठवली तर उरलेली जुनी सेटिंग उडते.

राउटरओएसमध्ये पुट म्हणजे ‘नवीन नोंद बनव.’ फायरवॉलचा नियम पुटने तीनदा पाठवलात तर तोच नियम तीनदा दिसेल. स्क्रिप्ट मध्येच थांबली म्हणून पुन्हा चालवलीत की दुहेरी नियम तयार.

त्यामुळे एका कंपनीच्या उपकरणासाठी लिहिलेली स्क्रिप्ट दुसऱ्यावर चालवण्याआधी त्याची कागदपत्रं वाचा. आणि स्क्रिप्टला अशी सवय लावा: आधी वाच, हवं ते आधीच असेल तर हात लावू नकोस, नसेल तरच बदल.

अजून एक छोटी खोच आहे. राउटरओएसकडून येणाऱ्या उत्तरात आकडेसुद्धा मजकूर म्हणून येतात. मजकूर म्हणून तुलना केली तर ‘९’ हा ‘१०’ पेक्षा मोठा ठरतो, कारण पहिलंच अक्षर मोठं आहे. तुलना करण्याआधी त्याचा आकडा करून घ्या.

उत्तराबरोबर येणारा तीन अंकी कोडही बघत चला. २०० म्हणजे झालं, २०१ म्हणजे नवीन बनलं, २०४ म्हणजे झालं पण सांगण्यासारखं काही नाही. ४०१ म्हणजे लॉगिन चुकलं, ४०३ म्हणजे लॉगिन बरोबर पण अधिकार नाही, ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही नाही. माझ्या त्या रात्रीच्या स्क्रिप्टची खरी चूक अशीच होती. एरर आल्यावर तिने ती फाइलमध्ये लिहिली आणि पुढे गेली. ‘एकही एरर आली तर जागेवर थांब’ एवढी एक ओळ असती तरी सहाऐवजी एकच शाखा गेली असती.

बसल्या फांदीवर कुऱ्हाड

ही चूक नवशिक्यांचीच असते असं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवते? आपल्याकडे नऊ वाजून गेले होते आणि व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक एकदम बंद पडलं. सुमारे सहा तास. अनेकांनी आपापलं वायफाय बंद-चालू करून बघितलं असेल.

कारण नंतर फेसबुकनेच सांगितलं. देखभालीच्या कामात त्यांच्या जगभरच्या मुख्य नेटवर्कची क्षमता तपासायला एक कमांड दिली गेली, आणि तिने त्या नेटवर्कचे सगळेच जोड तोडले. अशा कमांड अडवणारं तपासणी टूल होतं, पण त्यातल्याच बगमुळे ती अडली नाही. डेटा सेंटरशी संपर्क तुटल्यावर त्यांच्या डीएनएस सर्व्हरनी स्वतःचा पत्ता इंटरनेटवर जाहीर करणं थांबवलं. इंजिनिअर दुरून दुरुस्त करायला गेले तर दुरून जायची वाटच बंद, आणि नेहमीची अंतर्गत टूल्सही बंद. शेवटी माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली.

माझी एसटी आणि त्यांची डेटा सेंटरची फेरी, दोन्हींचं कारण एकच. मग उपाय काय?

पहिला उपाय, क्रम. नवी वाट चालून बघितल्याशिवाय जुनी मोडायची नाही. मी नवा नियम आधी टाकायला हवा होता. जुना तसाच ठेवायला हवा होता. सकाळी नव्या लाइनवरून लॉगिन होतंय याची खात्री करून मग जुना काढायचा. दोन टप्पे, मध्ये एक रात्र.

दुसरा उपाय, परतीचं तिकीट. जुनिपरच्या राउटरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ नावाची सोय आहे. बदल लागू होतो, पण ठरलेल्या वेळात तुम्ही पुन्हा ‘होय’ म्हणाला नाहीत तर राउटर आपणहून जुन्या सेटिंगवर परत जातो. वेगळं काही सांगितलं नाही तर ही मुदत १० मिनिटं असते. नेटकॉन्फमध्येही हीच कल्पना आहे, तिथे मुदत ६०० सेकंद. तुमची वाट तुटली तर ‘होय’ म्हणायला तुम्ही पोचणारच नाही, आणि तेच तुम्हाला वाचवतं. रेस्टकॉन्फमधून केलेला बदल मात्र थेट चालू सेटिंगवर लागतो, तिथे ही मुदत मागता येत नाही. मग आपणच सोय करायची. राउटरओएसमध्ये वेळ लावून कमांड चालवणारा शेड्युलर आहे. बदल करण्याआधी ‘१० मिनिटांनी हा बदल उलटव’ असं काम त्यात टाकायचं, आणि सगळं नीट झालं की ते काम काढून टाकायचं.

तिसरा उपाय, आधी एक. २२ पैकी एकाच राउटरवर चालवा, तोही जवळचा, जिथे पायी जाता येईल असा. पुन्हा लॉगिन करून बघा. मग तीन. मग बाकीचे. भाताचं एक शीत दाबून बघतात, तसंच हे.

चौथा उपाय, दुसरं दार. शक्य असेल तिथे उपकरणाला वेगळ्या वाटेनेही पोचता आलं पाहिजे. मोबाइल सिमवर चालणारी एखादी छोटी जोडणी, किंवा निदान शाखेतला एक माणूस ज्याला केबल कुठे लावायची ते दाखवून ठेवलंय.

दार तुमच्यासाठी उघडं, की सगळ्यांसाठी?

एपीआय चालू केलं म्हणजे उपकरणावर एक नवं दार उघडलं. ते सगळ्या इंटरनेटला दिसता कामा नये. १६ ऑक्टोबर २०२३ ला सिस्कोने आयओएस एक्सई या प्रणालीच्या वेब पॅनेलमधली एक त्रुटी जाहीर केली. तिची गंभीरता १० पैकी १०. लॉगिन नसलेला माणूसही थेट सर्वोच्च अधिकाराचं खातं बनवू शकत होता. ज्यांचं वेब पॅनेल इंटरनेटवर उघडं होतं अशी हजारो उपकरणं त्यात सापडली. पासवर्ड कितीही अवघड असला तरी इथे उपयोग नव्हता. ज्यांनी ते दार फक्त आतल्या नेटवर्कपुरतं ठेवलं होतं, त्यांना मात्र अपडेट टाकायला वेळ मिळाला.

म्हणून नियम सोपा: एपीआय फक्त ठरावीक पत्त्यांना किंवा व्हीपीएनमधूनच दिसू द्या, आणि उपकरणाचं सॉफ्टवेअर अपडेट ठेवा.

फोनवरून करून बघायचंय?

बघा की. राउटरओएसची ‘सीएचआर’ नावाची आवृत्ती लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशिनमध्ये चालते. मोफत परवान्यात प्रत्येक पोर्टचा वेग १ एमबीपीएसपुरता मर्यादित असतो, पण शिकायला तेवढं पुरतं. लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन एकाच वायफायवर ठेवा, व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क ‘ब्रिज’ करा, म्हणजे फोनला ते दिसेल. फोनमध्ये टर्मक्स टाकून त्यात कर्ल घ्या. आयफोनवाल्यांना शॉर्टकट्स ॲपमध्येही अशी रिक्वेस्ट पाठवता येते.

पहिली रिक्वेस्ट फक्त वाचायची ठेवा. ‘रेस्ट’पुढे ‘सिस्टिम’ आणि त्यापुढे ‘रिसोर्स’ या पत्त्यावर गेट पाठवलं की उपकरणाची आवृत्ती, ते किती वेळ चालू आहे, किती मेमरी मोकळी आहे, हे सगळं येतं. ते जमलं की मुद्दाम स्वतःला बाहेर काढून बघा. फायरवॉलचा नियम चुकवा आणि शेड्युलरने तुम्हाला परत आत आणलं का ते तपासा. इथे चुकलं तर एसटी पकडावी लागणार नाही.

फक्त उपकरण तुमचं स्वतःचं असू द्या. कॉलेजच्या, ऑफिसच्या किंवा शेजाऱ्याच्या राउटरवर परवानगीशिवाय असं काही करणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतो. ‘मी नुसतं बघत होतो’ म्हटलं तरी परवानगीशिवाय आत शिरणं कलम ४३ मध्ये येतंच.

त्या पतसंस्थेचं काम पुढे दोन वर्षं माझ्याकडेच होतं. ती स्क्रिप्ट मी पुन्हा लिहिली. आता ती दोनशेच्या वर ओळींची आहे. प्रत्यक्ष बदल करणाऱ्या ओळी अजूनही चाळीसच. बाकीच्या सगळ्या आधी वाचणाऱ्या, तपासणाऱ्या, थांबणाऱ्या आणि परत येणाऱ्या आहेत. दुधाच्या बिलाच्या आदल्या रात्री मात्र मी आजही काही चालवत नाही.